उजवीकडचं दार

ज्युलियसने बारीक करवत लावली आणि परदेशी मॉडेल इंजिनाचं नाक कापून टाकलं.

"याचं तोंड गोऱ्या साहेबाचं," तो म्हणाला. "आपल्या डिझेलचं थोबाड कसं, ठोकळ्यासारखं पायजे."

समोर बसलेल्या सुमेधला त्या करवतीखाली ज्युलियसचंच नाक दिसत होतं. त्याने चहा संपवला.

ज्युलियस मुंबईच्या डिझेल शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेला. गिरीज गावातल्या आपल्या वाडीत केळींना पाणी सोडायचं आणि उरल्या वेळात जुनी मॉडेल इंजिनं कापून, फटींत लांबी भरून, रंगवून त्यांची हुबेहूब जुनी डिझेल करायची, यात म्हातारा रमला होता. सुमेधने त्याला एक फोटो दिला होता.

"बाबांचं शेवटचं इंजिन, काका. आठवण म्हणून हवंय. जसंच्या तसं."

फोटो डाव्या बाजूचा होता. मुद्दामच.

सुमेधचे वडील त्याच शेडमध्ये होते. एक्क्याण्णवच्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा उरकून सगळे घरी गेले, आणि मागे राहिलेले वडील रात्री गस्तीच्या पोलिसांना याच इंजिनापाशी मेलेले सापडले. कोणीतरी मोठ्या पान्याने त्यांचं डोकं फोडलं होतं. मारणारा सापडलाच नाही. ज्युलियसने पूर्वी एकदा भर शेडमध्ये त्यांची गचांडी धरली होती, पण तेवढ्यावर पोलीस काय करणार?

तपासावरच्या म्हाताऱ्या हवालदाराने मात्र अलीकडेच सुमेधला एक गोष्ट सांगितली. पहिला घाव चुकून इंजिनाच्या उजवीकडच्या दारावर बसला होता, चांगला मोठा पोचा आला होता. दार पोलिसांनी लगेच उतरवून नेलं. म्हणजे तो पोचा पाहिला पोलिसांनी, आणि मारणाऱ्याने.

सुमेधने हे कोणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही. इंजिन बनवून घेतोय एवढं कळल्यावरच आईचा, मनोरमाबाईंचा, चेहरा उतरला होता.

"कशाला उकरून काढतोस? कोण करतंय ते?"

"गिरीजचे ज्युलियसकाका."

त्या उठून आत गेल्या. त्या खंडेनवमीला त्या रेल्वे क्वार्टरमध्ये पुरणात गुंतल्या होत्या. नवऱ्याला पाहिलं ते थेट हॉस्पिटलात. हे सांगताना अजूनही त्यांचा आवाज कापायचा. वडील हाताचे जड होते, मायलेकांनी त्यांचा पुष्कळ मार खाल्ला होता. तरी ते सुमेधचे वडील होते, आणि त्यांना मारणारा कुठेतरी सुखाने जेवत होता. हे त्याला सोसत नव्हतं.

इंजिन तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा तो फुलपाड्याच्या घरून थेट गिरीजला गेला.

ज्युलियसने कौतुकाने मॉडेल टेबलावर ठेवलं. काजळी, गंज, तेलाचे ओघळ, सगळं जिथल्या तिथे. सुमेधने ते सावकाश फिरवलं.

उजवीकडच्या दारावर पोचा होता.

त्याच्या मस्तकात तिडीक गेली. टेबलावरची हातोडी उचलून त्याने पहिला घाव ज्युलियसच्या बोटांवर घातला. म्हातारा किंचाळत खुर्चीसकट कोसळला. सुमेध त्याच्या छातीवर बसला आणि तोंडावर ठोसे घालत सुटला. ओठ फाटला, दात निखळून फरशीवर पडले. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. मूठ कशी आवळायची हे तो घरीच शिकला होता.

"पोचा कुठून आणलास?" हातोडी कपाळावर रोखून तो ओरडला. "फोटोत नव्हता! बोल!"

ज्युलियसने तोंडातलं रक्त थुंकलं.

"मला काय ठाऊक, बाबा... रविवारी मी चर्चच्या मिस्साहून आलो तर मनोरमावहिनी दारात. इंजिन हातात घेऊन खूप वेळ बसल्या. मग त्या दारावर बोट ठेवलं नि म्हणाल्या, भावजी, इथला पोचा राहिला."