पहिली धार

पेणजवळ खाडीच्या बांधावरून पाहुण्यांना मिठागरं, खारफुटी, बगळे दाखवून झाले, की दर्शना त्यांना शेवटी चटईवर बसवते. जिताडा माशाचं कालवण, तांदळाची भाकरी आणि वाइन, सगळं पॅकेजमध्येच असतं. बाटली उघडली की वारलेल्या माणसाच्या नावानं आधी थोडी मातीत ओतायची, मग बाकीच्यांनी प्यायची, ही तिच्या घरची रीत. पाहुणे त्याचा हौसेनं व्हिडिओ काढतात.

आज एका बाईंनी विचारलं, "कोणाच्या नावानं ओतलीत?"

"नवऱ्याच्या."

"त्यांना आवडायची?"

दर्शनानं बाटलीचं तोंड पदरानं पुसलं आणि बाईंचा ग्लास भरला.

 

"व्हय. जिवंत होते तेव्हा पण त्यांची बाटली लपवून आणून मी इथंच ओतायची."