नाव विचारायचं नाही

म्हाताऱ्याने टोपी काढून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाला, “समितीच्या अध्यक्षांची या आठवड्याची पत्रं.”

हिलेवीने फाइल पुढे सरकवली. तुम्ही कोण, कशाला हवीत, असं विचारायची तिला सोय नव्हती. स्टॉकहोमच्या संसदेतल्या या नोंदणी कक्षात कोणीही यावं, सरकारी पत्र मागावं आणि नाव न सांगता वाचून जावं, असा कायदाच होता. सव्वीस वर्षं हिलेवीने तो निमूट पाळला होता. पण हा दर गुरुवारचा पाहुणा तिच्या डोक्यात जाऊ लागला होता.

एक तर त्याला फक्त इल्वाचीच पत्रं लागत. इल्वा म्हणजे देखरेख समितीची अध्यक्ष. सरकारने कोणाचे फोन ऐकले आणि का ऐकले याचा जाब विचारणं हे तिचं काम, आणि ती ते असं चोख करी की मंत्र्यांना घाम फुटे. हिलेवीचा तिच्यावर फार जीव. पण इल्वाला एक खोड होती. कडक सरकारी पत्राच्या शेवटी ती घरची एखादी ओळ लिहून मोकळी व्हायची. ‘आमच्या हेडेमोरा गावात बर्फ वितळलं.’ ‘पोरीचा पहिला दात पडला, पाण्याच्या पेल्यात ठेवलाय.’ आता न्याय खात्याच्या सचिवाला दाताचं काय कौतुक? अख्खा मजला हसायचा.

आणि नेमकी तीच ओळ हा माणूस वहीत उतरवून घ्यायचा. डाव्या हाताने, शाई फिसकटू नये म्हणून मनगट वाकडं करून.

त्या गुरुवारी दारावरचा पहारेकरी हास्से हळूच आत आला. “ओळखलं मी त्याला,” तो हिलेवीच्या कानाशी लागला. “फोन ऐकणाऱ्या शाखेचा साहेब होता. बारा वर्षांपूर्वी इल्वाच्या चौकशीने ज्याला घरी बसवलं ना, तोच.”

हिलेवी तडक जिना चढून इल्वाच्या खोलीत गेली.

“बुधवारी मतदान आहे ना, त्यात हो म्हण.”

“तूसुद्धा?” इल्वा हसली.

कागद मागणाऱ्याने आधी नाव सांगावं, असा तो प्रस्ताव होता. आणला होता इल्वाच्याच पक्षाने. समितीत मतं निम्मी-निम्मी, निकाल अध्यक्षांच्या मतावर. विरोधात गेलीस तर खुर्ची जाईल, असं पक्षनेत्याने तिला तोंडावर सांगितलं होतं.

“अगं, तुझ्या मागावर माणूस आहे!” हिलेवी म्हणाली. “ज्याची नोकरी घालवलीस तोच खाली बसून तुझ्या घरच्या ओळी टिपून घेतोय. पोरीचा दातसुद्धा सोडला नाही मेल्याने. नाव विचारायची मुभा दे, परत फिरकायचा नाही.”

इल्वाचं हसू मावळलं. “शेवटच्या ओळी उतरवून घेतो?”

“एकूण एक.”

“आणि नाव विचारलं तर येणार नाही म्हणतेस.”

“छे! जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिली, स्वतःचं सांगायची वेळ आली की पळेल बघ.”

इल्वाने खिडकीच्या काचेला हात लावून पाहिला आणि म्हणाली, “आज गुरुवार. कॅन्टीनमध्ये वाटाण्याचं सूप असेल. एक वाडगा त्याला नेऊन दे. वाटलेली मोहरी भरपूर घाल.”

“त्याला? सूप?”

“खिडकीजवळ गारठा असतो गं.”

असा भाबडेपणा काय कामाचा, असं पुटपुटत हिलेवीने कागद बाजूला करायला लावून वाडगा त्याच्यापुढे आदळला. म्हातारा मोहरीच्या ढिगाकडे बघतच राहिला.

“हे कोणी सांगितलं?”

“अध्यक्षांनी.”

त्याने वाडगा पुसून खाल्ला. मोहरी नाकात गेली असावी, कारण कितीतरी वेळ तो डोळे पुसत होता. आभार मात्र मानले नाहीत. हिलेवीला त्याचाही राग आला.

बुधवारी इल्वाने नाही म्हटलं. प्रस्ताव पडला. गुरुवारी सकाळी पक्षानेही शब्द पाळला. सोमवारपासून नवा अध्यक्ष.

“कोण कुठला म्हातारा, त्याच्यापायी खुर्ची घालवलीस,” हिलेवी करवादली.

“त्याच्या एकट्यापायी नाही गं. उद्या एखादी घाबरलेली बाई कागद मागायला येईल, तिलाही नको का यायला?” इल्वाने एक पत्र तिच्या हातात दिलं. “माझं शेवटचं. याची नोंद तेवढी त्याच्या वेळेआधी कर.”

हिलेवीने रागाच्या भरात न वाचताच शिक्का मारला.

म्हातारा आला. टोपी टेबलावर, वही उघडी. ऐकलेल्या फोनच्या फिती किती दिवस ठेवाव्यात, याबद्दल दोन पानं खणखणीत मजकूर होता. त्याने पान उलटलं, पेन उचललं आणि तो तसाच थांबला. त्या दिवशी वहीत एक अक्षरही उतरलं नाही. तो उठला, टोपी तिथेच विसरून खुर्च्यांना धडकत बाहेर गेला.

हिलेवी फाइल उचलायला आली. पत्र उघडंच होतं.

‘पोरगी लिहायला शिकली. पेन्सिल डाव्या हातात धरते आणि मनगट वाकडं करते. रविवारी दोन वाजता कॉफीला या. दारात नाव सांगावं लागणार नाही, बाबा.’