कंबरमोडीची पट्टी
नांदेडच्या फार्मसी कॉलेजात अयोध्या कंबरमोडीच्या पाल्याचा अर्क घातलेली, जखमेची सूज उतरवणारी पट्टी बनवत होती. हे मुखेडला सासरी कळलं तसा धाकटा दीर आईला जीपमध्ये घालून तिच्या दारात हजर झाला. शुगरनं सासूच्या पायाचा अंगठा काळा पडला होता. “वहिनी, तुमची पट्टी लावा.” “न्हाई, भाऊजी. दवाखान्यात चला.” “उंदरांना लावून राहिल्या अन् आईला न्हाई?” “आजवर उंदरांनाच लावलीय, म्हणूनच न्हाई.” तो दारातच अडून बसला, तिनं सासूला धरून ऑटोत बसवलं. अंगठा कापावा लागला, पाय वाचला. वॉर्डात दीर सगळ्यांदेखत म्हणाला, “तुमच्या पट्टीनं अंगठाबी वाचला असता.” सासूनं भिंतीकडं तोंड फिरवलं. अयोध्यानं मान खाली घातली नाही. “वाचलाबी असता. पर तपासणी झाल्याबिगर लावणार न्हाई. आपल्यांना न्हाई, परक्यांनाबी न्हाई.”