अंगणातला पांढरा तंबू

खिंडीतून मेंढ्या उतरवताना तुर्दुकुलला थोरल्या भावाच्या अंगणात पांढरा तंबू दिसला. त्याने घोडा थांबवला आणि डोळे चोळून पुन्हा पाहिलं. पत्र्याच्या छपराशेजारी लोकरीचा गोल तंबू उभा होता. उन्हाळ्यात कुरणावर असे तंबू शेकड्याने असतात, कुणी वळून पाहत नाही. पण नोव्हेंबरात, राहतं घर शेजारी असताना, गावातल्या अंगणात तंबू उभा राहिला की समजायचं, आत प्रेत आहे.

बेशेनची छाती बिघडल्याचं बाजारात त्याच्या कानावर आलं होतं. म्हणजे दादा गेला.

आपल्याला कुणी कळवलंही नाही, याचा आधी राग आला. मग स्वतःचीच लाज वाटली. कळवणार तरी कशाला? सात वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा बेशेनने आलेल्या माणसांसाठी घोडा कापला होता. मयताची माणसं उपाशी परत गेली तर घराण्याच्या तोंडाला काळं लागतं, आणि तबेल्यात त्या दिवशी एकच घोडा होता. तो तुर्दुकुलचा होता. शिंगरू होता तेव्हापासून त्याने वाढवलेला, शर्यतीत दोनदा पहिला आलेला. तुर्दुकुल शहरातून पोचला तोवर कढई चुलीवर चढली होती. भरल्या अंगणात, शंभर माणसांदेखत, त्याने भावाला सुनावलं, "आता तुझ्या मयतालाच येईन. त्याआधी हा उंबरा ओलांडणार नाही."

राग दोन महिन्यांत ओसरला. चूक आपलीच होती हे स्वच्छ कळलं. पण शंभर माणसांत बोललेलं गिळायचं कसं? तो नदीपलीकडे राहायला गेला. बाजाराला जायचं तर लांबच्या पुलावरून जायचा, कारण जवळची वाट भावाच्या दारावरून होती. सात वर्षं हा शहाणा दर बाजाराला तासभर जास्तीची रपेट करत होता.

आणि आता खिंडीत उभ्या उभ्या त्याच्या मनात पहिला विचार काय यावा? आता जाता येईल. भाऊ मेला, आपली वाट मोकळी झाली. हा विचार आपल्याच मनात आला याची त्याला इतकी शरम वाटली की त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. बघायला तिथे मेंढ्यांशिवाय कुणी नव्हतं, तरीही ओढली.

मेंढ्या कुत्र्याच्या भरवशावर सोडून त्याने घोडा पिटाळला. गावाची पहिली भिंत लागताच रीतीप्रमाणे मोठ्याने रडायला सुरुवात केली. "माझ्या भावा, माझ्या डोंगरा..." सुरुवात रीतीची होती. दुसऱ्या हाकेला आवाज खरोखरच फुटला.

बादली घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने रुमाल तोंडाशी नेला. एका म्हाताऱ्याने हात वर करून काहीतरी सांगितलं, ते त्याला ऐकू आलं नाही. हसत असतील, त्याला वाटलं. भाऊ जिवंत असताना फिरकला नाही आणि आता गळा काढतोय म्हणत असतील. बरोबरच आहे त्यांचं. तो आणखी मोठ्याने रडू लागला.

अंगणात घोडे बांधलेले नव्हते. तंबूच्या दाराशी कमरेला पट्टा बांधून, काठीवर रेलून रडणारे घरचे पुरुषही नव्हते. यातलं काही त्याच्या ध्यानात आलं नाही. घोड्यावरून उतरून त्याने तंबूच्या लोकरीला कपाळ टेकलं.

"दादा, तो घोडा तुझाच होता रे. मीही तुझाच होतो. एकदा यायला हवं होतं, आलो नाही."

दाराचा पडदा वर झाला. बेशेन बाहेर आला. हातात चहाचं भांडं होतं आणि तो खोकत होता.

कुंपणापलीकडे हशा पिकला. शेजारचा असांगाझी म्हणाला, "बेशेन, तुझ्या कसरीचा शोक करायला आणखी एक आला बघ." मग सगळा प्रकार तुर्दुकुलच्या कानांवर आदळत गेला. तंबू उभा राहून तीन दिवस झाले होते. पहिल्या दिवशी अर्धा गाव असाच रडत आला होता. मरणाला आवतण कशाला देतोस म्हणून म्हाताऱ्यांनी बेशेनची खरडपट्टी काढली होती. तो प्रत्येकाला एकच सांगत होता, लोकरीला कसरीची कीड लागली आहे, वारा देतोय.

तुर्दुकुलला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जे बंद दाराआड सांगायलाही सात वर्षं जीभ वळली नव्हती, ते आज सगळ्या गावाने ऐकलं होतं. नाक पुसत, भावाकडे न बघता तो पुटपुटला, "कसर लागली तर लोकर कुंपणावर टाकतात. त्यासाठी तंबू उभा करतं का कुणी?"

बेशेनने चहाचं भांडं खाली ठेवलं. त्याची बायको कालिपा घरातून कोमट पाण्याची सुरई घेऊन आली होती.

"विचारा, भावजी, तुम्हीच विचारा," ती म्हणाली. "तीन दिवस यांनी इथे गारठ्यात बसून त्या खिंडीकडे डोळे लावलेत. माझं कोण ऐकतंय."

बेशेनने तिच्या हातातून सुरई घेतली. रडून आलेल्या माणसाच्या हातावर घरच्यांनी घालायचं असतं, तसं त्याने भावाच्या हातावर पाणी घातलं. तुर्दुकुलने तोंड धुतलं. पुन्हा धुतलं, कारण मान वर करायचं धाडस होत नव्हतं.

"मयतालाच येईन म्हणाला होतास," बेशेन म्हणाला. "आलास. शब्द पुरा झाला तुझा. आता घरात चल, चहा निवतोय."