कोरी भाकरी

बिबट्याच्या भीतीने संपतने अवसरीच्या मळ्यात पिटबुल कुत्रा पाळला होता. काल त्या कुत्र्याने शेजारच्या प्रयागबाईच्या हाताचा चावा घेतला. आज त्याला कायमचं झोपवायला जनावरांचा डॉक्टर येणार होता. "जातच वंगाळ, मावशे," संपत म्हणाला. "मग ह्याची बहीण माझ्या करडांमदी झोपती, ती कुठल्या जातीची रं?" प्रयागबाईने पट्टी बांधलेला हात नाचवला. "ह्याला खायाला काय घालतो?" "भाकरीला ठेचा लावून. कुत्रं कडक व्हतं म्हणत्यात." प्रयागबाईने पदराखालची कोरी भाकरी कुत्र्याच्या पिंजऱ्यापुढे धरली. ती बघताच पिटबुल अंग चोरून कोपऱ्यात सरकला. संपतने तिच्या हातातली भाकरी घेतली. त्याने भाकरीचा तुकडा आधी स्वतः खाल्ला, दुसरा तळहातावर ठेवला आणि हात गजांतून आत घातला. "आरं, चावंल!" प्रयागबाई ओरडली. बांधावर डॉक्टरची मोटारसायकल वाजली. कुत्रा जागचा हलला नाही; संपतनेही हात मागे घेतला नाही.