पांढऱ्या पायाची

“काकू, तुमच्या माहेरी बाळंतपणात कुणाचा पाय सुजला होता का?” डॉक्टर स्नेहानं विचारलं.

सुमनबाईंनी शेजारी बसलेल्या हर्षालीकडं पाहिलं. लेकीचं बाळ आता बसायला लागलं होतं. बाळंतपणानंतर तिच्या पायात रक्ताची गाठ झाली. औषधांनी ती गेली, पण कारण कळेना, म्हणून डॉक्टरांनी मायलेकी दोघींचं रक्त तपासून घेतलं होतं. रिपोर्ट टेबलावर होते.

“माझ्या आईचा,” सुमनबाई म्हणाल्या. हे त्यांनी हर्षालीलाही कधी सांगितलं नव्हतं.

आई म्हणजे चिमणामावशीच्या तोंडून ऐकलेली बाई. लासलगावजवळच्या वाडीवर दिवाळीत मावशी सुमनला न्हाऊ घालायची आणि केसांतली शिकेकाई काढता काढता आपल्या बहिणीबद्दल बोलत राहायची. कादवा नदीच्या डोहात ती पोरांच्या बरोबरीनं पोहायची. कोवळी मेथी मिठाबरोबर कच्चीच खायची. कांदे निवडताना असं काही बोलायची, की बायकांचे हात थांबायचे आणि मुकादम ओरडायचा. पाणी गार होऊन जायचं, तरी सुमन पाटावरून उठायची नाही. पुढचं सांग म्हणायची.

आजी मात्र एकच गोष्ट सांगायची. पोरगी जन्मली आणि आईला गिळून बसली. पांढऱ्या पायाची. घरात हळद असो की ओटीभरण, सुमनला मागं बसवलं जाई. पुढं लग्न झालं, सातपूरला संसार थाटला, तिथं कुणाला काही ठाऊक नव्हतं. पण मागं बसायची सवय गेली नाही. नातवाच्या बारशालाही बायका पाळण्याशी गात होत्या, आणि सुमनबाई स्वयंपाकघरात घुगऱ्या ढवळत होत्या.

“भोपळ्यासारखा सुजला होता म्हणे पाय,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “पांढराफटक पडला होता. मला घ्यायला म्हणून उठली, तर तिला दमच पुरेना. तिथंच गेली.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“काकू, आपलं लिव्हर व्हिटॅमिन के वापरून एक प्रोटीन बनवतं. प्रोटीन एस. रक्त गरजेपेक्षा जास्त गोठू नये, हे ते बघतं. हर्षालीत ते कमी आहे आणि तुमच्यातही. हे जन्मापासूनच असतं, आई किंवा वडिलांकडून येतं. इतक्या वर्षांनी खात्रीनं कसं सांगू? पण तुमच्या आईच्या पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेली असावी. तेव्हा तिकडं हे कुणाला कळणार? यात तुमचा काही दोष नाही.”

हर्षालीनं आईचा हात धरला. आई आता रडेल असं तिला वाटलं.

सुमनबाई रडल्या नाहीत. त्यांना आजीची आठवणसुद्धा झाली नाही. त्या डॉक्टरांकडं रोखून बघत होत्या.

“म्हणजे हे मला आईकडून आलंय?”

“बहुतेक तिच्याकडूनच. पण घाबरू नका. आज तुम्हाला औषधाची गरज नाही. ऑपरेशन वगैरे असेल तेव्हा फक्त सांगायचं.”

“घाबरत नाही हो.” सुमनबाईंनी रिपोर्ट ओढून घेतला. त्यातलं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बोट ठेवून त्यांनी आपल्या नावाखालची ओळ शोधली. त्यांच्या ओठांवर हळूहळू हसू आलं. “तिचा फोटोसुद्धा नाही ना कुठं. मी मावशीला दरवर्षी विचारायची, मी आईसारखी दिसते का? मावशी म्हणायची, न्हाय गं बाय, तू समदी बापावर गेलीस, तिचं तुझ्यात कायबी आलं न्हाय.”