दीड पोतं

धुळ्यातल्या एका शेंगदाण्याच्या कारखान्याने आमच्या कॉलेजला प्रोजेक्ट दिला होता. एक बाई दिवसभरात किती दाणे निवडते, ते मोजून अहवाल लिहायचा. माझी माय तिथेच निवडायला जायची, म्हणून सरांनी ते काम माझ्यावर सोपवलं.

घड्याळ आणि वही घेऊन मी बायकांसमोर बसले. सगळ्या आमच्याच गल्लीतल्या. पण त्या दिवशी माझ्याशी कुणी बोललं नाही. मिसरी लावायला कुणी उठलं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. संध्याकाळी प्रत्येकीचं दीड पोतं झालं. मी तसं वहीत लिहिलं.

माझ्या प्रोजेक्टचा पहिला नंबर आला. कारखान्याच्या शेठनी स्वतः येऊन मला शाल दिली.

पुढच्या महिन्यात कारखान्याच्या दारावर पाटी लागली : 'रोज दीड पोतं. जिला जमणार नाही, तिने येऊ नये.'

माय अकरा दिवस गेली. बाराव्या दिवशी कॉलेजातून आले, तर ती भरदुपारी उंबऱ्यावर बसलेली. बोटांची टोकं सोलून लाल झालेली.

मी तिच्यावरच ओरडले, "रोज तुमचं एकच पोतं होत होतं ना? मग मी मोजायला आले त्याच दिवशी तुम्ही बायकांनी एवढा जीव का काढलात?"

मायने बोटं पदरात लपवली.

"आमले वाटनं, परीक्षा तुनी शे."